यंदा दिवाळीला नाही, जानेवारीत येतेय

प्रिय आई-बाबा,

आई, हे पत्र तू वाचून दाखव, बाबांनी डोळ्यांना ताण द्यायचा नाहीये. फोनवरच सांगणार होते पण तू "बरं बरं, तुझं काय ते बघ" म्हणतेस आणि फोन बाबांच्या हातात देतेस, मग बाबा तिकडचा पाऊस आणि इकडची थंडी विचारतात आणि मूळ बोलायचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

तर, यंदा दिवाळीला मी येत नाहीये. सुट्टी नाही असं सांगितलं असतं तर तुम्ही विश्वास ठेवला असतात, पण तुमच्याशी खोटं बोलायला जीभ वळत नाही. सुट्टी आहे, टाकलीय, मंजूरही झालीय. त्याच आठवड्यात गॉब्लिनची, म्हणजे भयपटांना संगीत देणाऱ्या एका इटालियन बँडची, टूर आहे आणि तिकिटं काढून झालीत, आधी इथे तूरिनला, मग बोलोन्या, मग रोम. आई, लगेच चष्मा काढून बाबांकडे बघू नकोस, पुढे वाच.

मला माहितीये तुझ्या मनात काय येणार. ऐन दिवाळीत, अमावस्येच्या तोंडावर, पोरगी भुताखेतांच्या सिनेमाची गाणी ऐकायला गावोगाव फिरणार. पण अगं, लायब्ररीतून भयकथांची पुस्तकं आणून रात्री सगळी निजल्यावर स्वयंपाकघरात बसून वाचणारी तूच ना? लाइट गेले की मी आणि दादा तुझ्या पदराखाली घुसायचो आणि "पुढे काय झालं" म्हणून तुलाच छळायचो. ती भीती मला कधी वाईट वाटलीच नाही कारण तू शेजारी असायचीस, तुझ्या हाताला कांद्याचा वास असायचा आणि तू गोष्ट अर्धी सोडून कधी उठायची नाहीस.

आता बाबांसाठी सांगते, म्हणजे हे काय खूळ आहे ते कळेल. 1975 साली दारियो अर्जेंतो नावाच्या दिग्दर्शकाने 'प्रोफोन्दो रोस्सो' म्हणून एक सिनेमा काढला. संगीताला आधी जॉर्जो गास्लिनी होते, जॅझमधलं मोठं नाव, पण त्यांचं आणि अर्जेंतोचं जमेना, आणि मग काम गेलं विशी-बाविशीतल्या पोरांच्या एका बँडकडे ज्यांना तोवर कोणी ओळखत नव्हतं. तेच गॉब्लिन. त्या पोरांनी असं काही वाजवलं की रेकॉर्ड इटलीत पहिल्या नंबरला गेली. सुरुवातीला कीबोर्डवर एक बारीक फिरणारी सुरावट येते, तिची सम पटकन हाताला लागत नाही, मग खालून बेस येतो, आणि मधेच चर्चमध्ये वाजावा तसा ऑर्गन असा भरून येतो की पाठीतून शिरशिरी जाते. त्या सिनेमाला आता 50 वर्षं होऊन गेली. आणि गोष्ट रोममधली असली तरी शूटिंग बरंचसं झालंय आमच्या तूरिनमध्ये! ऑफिसातून येताना मी ज्या चौकातून चालत येते ना, पियाझ्झा ची-एल्ले-एन्ने (CLN), दोन मोठी कारंजी आहेत जिथे, एक पो नदीचं आणि एक दोरा नदीचं, मागे एकदा व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं आणि आई तू म्हणालीस किती ओसाड आहे गं, तोच चौक आहे त्या सिनेमात. रात्री तिथून जाताना अजून माझी पावलं हळू होतात.

आणि बाबा, दुसरी गोष्ट मुद्दाम राखून ठेवली होती, जानेवारीत समोर बसून सांगायची म्हणून, पण राहवत नाही. त्यांचा पुढचा मोठा सिनेमा 'सस्पिरिया', 1977 चा. त्याचं संगीत अर्जेंतो शूटिंग चालू असताना सेटवर मोठ्या आवाजात लावायचा, नटनट्यांना खरंच अस्वस्थ वाटावं म्हणून. मुख्य ट्यून लहान मुलांच्या खेळण्यातली असावी अशी साधी आहे, वर चेलेस्टाचे घंटीसारखे सूर, कोणीतरी कानाशी कुजबुजतंय, आणि खाली काहीतरी घुमतंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकदम उठून बसले, म्हटलं हा तर तबला आहे! नंतर रेकॉर्डवरची नावं बघितली तर खरंच, बेस वाजवणाऱ्या फाबियो पिन्यातेल्लीच्या नावापुढे तबला लिहिलाय आणि गिटारवाल्या मास्सिमो मोरांतेच्या नावापुढे बुझुकी, ते ग्रीक लोकांचं वाद्य. मिरजेत वाढलेल्या मुलीला तूरिनच्या खोलीत हेडफोनमधून तबला ऐकू येतो तेव्हा काय होतं ते मला नीट सांगता येत नाहीये बाबा. तुमची पुढची खोली आठवली, हातोडी, पावडरचा डबा, चाट लावून झाल्यावर तुम्ही मान तिरकी करून ऐकायचात ते. लिंक दादाने तुमच्या फोनवर टाकलीय. ऐका आणि बोल काय आहेत ते सांगा, मला अजून नीट पकडता आलेले नाहीत.

तर या टूरमध्ये नुसतं गाणी वाजवणं नसतं. मोठ्या पडद्यावर पूर्ण सिनेमा चालतो, संवाद चालू असतात, आणि संगीत तेवढं समोर बसून प्रत्यक्ष वाजवतात, पडद्यावर दार उघडलं की त्याच क्षणाला यांचा ठोका पडायला हवा. त्यासाठी कानात टिकटिक चालू ठेवतात, आपल्याकडे तंबोरा आणि लेहरा सोबत असतो तसा आधार. सिनेमा संपला की थोडी विश्रांती आणि मग बाकीच्या सिनेमांच्या ट्यून्स, 'तेनेब्रे', 'फेनोमेना', 'झोम्बी', आणि तेव्हा मात्र लोक खुर्चीत बसत नाहीत. येणारे लोक बघण्यासारखे असतात. काळे टीशर्ट घातलेली कॉलेजची पोरं असतात, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांची माणसं, 75 साली थिएटरात जाऊन घाबरलेली, जुनी एलपी प्लास्टिकमध्ये जपून आणलेली, सही घ्यायला. काहीजण एका गावाहून दुसऱ्या गावी टूरच्या मागेच जातात, वारीत ओळखी व्हाव्यात तशा यांच्या ओळखी झालेल्या असतात. फक्त गॉब्लिनचंच असं आहे असंही नाही, फाबियो फ्रिझ्झी म्हणून आहेत, लुचो फुल्ची या भयपटवाल्या दिग्दर्शकाच्या सिनेमांना संगीत दिलेले, त्यांनीपण 2013 मध्ये लंडनला एका चर्चमध्ये असा कार्यक्रम केला आणि तेव्हापासून त्यांच्याही मागे लोक फिरतात.

पण पुढच्या वर्षी का नाही, याच वर्षी का, असं बाबा विचारणार. बँडचे क्लाउदियो सिमोनेत्ती 1952 चे आहेत, म्हणजे बरोबर तुमच्या वयाचे. तेच अजून त्या कीबोर्डमागे उभे राहून वाजवतात, बाकी बँड आता सगळा तरुण आहे. मोरांते 2022 मध्ये गेले, आणि मी त्यांना एकदाही प्रत्यक्ष ऐकलं नाही, ते मनाला लागून राहिलंय. ही मंडळी कायम थोडीच फिरणार आहेत.

आणि हे लिहिताना मला माहितीये आई की तू इथे थांबशील. म्हातारे तर आम्हीपण होतोय, असं तू म्हणणार नाहीस, पण तुझ्या मनात येईल. माझ्या मनात ते तिकीट काढायच्या आधीच आलं होतं आणि रात्रभर झोप लागली नव्हती. म्हणून तर जानेवारीचं तिकीटपण त्याच दिवशी काढलं, आणि दिवाळीला येते तशी घाईघाईत येणार नाहीये, संक्रांतीच्या आधी येतेय आणि मोठी सुट्टी काढून येतेय. दिवाळीत आले असते तर काय झालं असतं सांगू? निम्मी सुट्टी विमानात आणि मुंबई-मिरज प्रवासात, उरलेल्यात सगळ्यांच्या घरी फराळाला जाणं, आणि तू ओट्यापाशी उभी. मला तू ओट्यापाशी नको आहेस, माझ्यासोबत बसलेली हवीयेस. जानेवारीत बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनच मी परत जाणार, डॉक्टरांशी बोलणं झालंय, ड्रॉप्स मी घालणार, दर वेळेला, घड्याळ लावून. तेव्हा गुळपोळ्या कर, त्या मी सोडणार नाही.

बाबा, तुम्ही मला समजून घ्याल असं मला आतून वाटतं. उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाची संगीतसभा असायची तेव्हा परीक्षा असो नसो तुम्ही मला घेऊन जायचात, सतरंजीवर, शालीत गुंडाळून, आणि मी तुमच्या मांडीवर झोपून जायचे पण तुमच्या बोटांचा ठेका माझ्या खांद्यावर चालूच असायचा. पहाटे उठवून म्हणायचात, ऊठ मनू, भैरवी सुरू होतेय. कलाकार समोर वाजवत असताना आपण तिथे असलं पाहिजे हे माझ्या डोक्यात तिथेच बसलंय. आणि सवाईच्या त्या वर्षी तुम्ही काय केलं होतंत ते तर आईला चांगलंच आठवतंय, मी काही बोलत नाही.

माझी काळजी करू नका. एकटी नाही जात, ऑफिसमधली मैत्रीण आहे आणि तिचे वडील, सत्तरी ओलांडलेले. ते 74 साली त्या चौकात शूटिंग बघायला उभे होते म्हणे, थंडीत, आणि अजून रंगवून सांगतात. मुलीनेच तिकीट काढून दिलंय त्यांना. त्यांच्यासोबत बसून ऐकताना मला तुमची आठवण येणार आहे हे मला आत्ताच माहितीये. प्रवास सगळा ट्रेनने, फ्रेच्चारोस्सा, एकदम स्वच्छ आणि वेळेवर. रात्री उशीर झाला तर हॉटेल चालत जाण्याइतकंच जवळ घेतलंय. कानात घालायला बोळे घेतलेत, आवाज मोठा असतो म्हणून. स्वेटर, मफलर आहे. फराळ इथल्या मराठी मंडळींकडून मिळणार आहे, चिवडा मी स्वतः करणार, पोहे मिळतात इथे. पहिल्या दिवशी उटणं लावून अभ्यंगस्नान करणार, पणती खिडकीत लावणार, आई, यातलं काहीही चुकणार नाही.

आता तुमचं. दादा-वहिनी वसुबारसेलाच येतायत, त्याच्याशी बोललेय मी. भाऊबीजेला त्याला व्हिडिओवर ओवाळेन, ताट तयार ठेवायला वहिनीला सांगितलंय. आकाशकंदील दादा लावेल, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, "एकदाच, पटकन" हेसुद्धा चालणार नाही. आई, माळ्यावरची भांडी काढायची नाहीत, ती नसली म्हणून दिवाळी अडत नाही. चकल्या आणि अनारसे बाहेरून, मी कोपऱ्यावरच्या काकूंना फोन करून ऑर्डर दिलीय आणि पैसेपण दिलेत, परत करायला जाऊ नकोस. फक्त बेसनाचे लाडू कर थोडे, तुझ्या हाताचे, आणि माझ्या वाटणीचे डब्यात ठेव, जानेवारीपर्यंत टिकतील की नाही माहीत नाही, पण ठेव. पहाटेच्या फटाक्यांच्या धुरात बाबांनी गॅलरीत बसायचं नाही, खोकला सुरू झाला की महिनाभर जात नाही. गीझर सुरू करून बाथरूमची मॅट ओली आहे का बघा, मागच्या वेळचं लक्षात आहे ना. बीपीची गोळी सणासुदीला विसरायची तुमची दोघांची सवय आहे, डबी आणि ती जबाबदारी मी वहिनीकडे देणार आहे, तिच्यावर चिडायचं नाही.

आई, रागावली असशील तर रागाव, पण अबोला धरू नकोस, तुझा आवाज ऐकल्याशिवाय मला आठवडा जात नाही. बोलोन्याहून, रोमहून, जिथे असेन तिथून फोन करेन, शो सुरू व्हायच्या आधी, म्हणजे तुमच्याकडे फार रात्र झालेली नसेल. एखादं गाणं रेकॉर्ड करून पाठवेन, तू नाही ऐकलंस तरी चालेल, बाबांच्या कानाला लाव.

आणि तीन महिन्यांची शुगर दिवाळीच्या आधी करायची, नंतर नाही. रिपोर्टचा फोटो पाठवा, सगळ्या पानांचा, नुसतं "नॉर्मल आहे" असं लिहून पाठवायचं नाही.

तुमची,
मनू