हातमोज्याच्या पाकिटावर धाग्याचं नाव आणि तापमान छापायला लावा

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी विट्याचा यंत्रमागधारक. तीस वर्षं सुतातच गेली. आज लिहितोय ते भाच्याच्या उजव्या तळहातासाठी.

तो कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला आहे. मे महिन्यात साचा फोडून काढलेलं एक कास्टिंग त्याने उजव्या हाताने उचललं. लोखंड ५०० अंशांच्या खाली उतरलं की लाली जाते, करडं दिसतं आणि निवलंय असं वाटतं. हातात नवेकोरे मोजे होते. उजवा वितळून तळव्याला चिकटला. दवाखान्यात तो सोलून काढताना कातडीही आली.

डाव्या हाताचा मोजा मी घरी आणला. सूत ओळखायचं तर आम्ही धागा जाळून बघतो. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येतो, चिमटीत मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं, त्याचा काळा टणक मणी होतो. हा धागा काडी जवळ नेताच मागे सरला, थेंब होऊन गळला, आणि वास आला तो मेणबत्तीचा. पॉलिएथिलीन, पिशव्यांच्या प्लास्टिकच्या कुळातलं!

साहेब, मोजा नकली असता तर मी दुकानदाराशी भांडलो असतो. पण माल अस्सल होता. त्याने मोज्यावर ब्लेड ओढून दाखवलं होतं, धागा तुटला नव्हता. या जातीचं पॉलिएथिलीन वजनाला वजन लावलं तर पोलादापेक्षा कितीतरी पट ताण सोसतं, वर पाण्यावर तरंगतं. आणि जेमतेम १५० अंशांना वितळतं. धारेपुढे वाघ, चटक्यापुढे मेण.

१९६५ साली ड्युपाँट कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेल्या केव्हलर या मजबूत धाग्याची जात वेगळी, अरामिड नावाची. ते वितळत नाही. ५०० अंशांच्या आसपास त्याचा कोळसा होऊ लागतो, आणि ज्योत बाजूला घेतली की विझतं. त्याच कुळातलं नोमेक्स ताकदीला बरंच कमी, तरी अग्निशमन जवानांच्या अंगावर तेच असतं, कारण तिथे ताणापेक्षा आगीशी गाठ असते. अरामिडलाही मर्यादा आहेत. उन्हात राहिलं तर कमजोर होतं, आत जाड अस्तर नसेल तर चटका हातापर्यंत पोचतोच, आणि ओतकामाच्या १४०० अंशांच्या रसापुढे तेही टिकत नाही. पण वितळून कातडीत रुतत नाही, आणि भाच्याच्या बाबतीत प्रश्न नेमका तेवढाच होता.

युरोपच्या मानकांत हे दोन गुण वेगळे मोजतात. ईएन ३८८ मध्ये कापणं, फाटणं, झिजणं. ईएन ४०७ मध्ये उष्णता. गरम वस्तूला हात लावण्याच्या त्यात चार पायऱ्या आहेत : १००, २५०, ३५० आणि ५०० अंश. भाच्याच्या पाकिटावर ३८८ ची हातोडी होती, ४०७ ची ज्वाला नव्हती. त्या खुणांचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. सुतात केस पांढरे झालेल्या मलाही तो ठाऊक नव्हता.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आपल्याच खात्याकडे आहे. भट्टीजवळ काम करणाऱ्याला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक मोज्यावर, एप्रनवर धाग्याचं नाव आणि किती अंशांपर्यंत चालेल ते मराठीत आणि हिंदीत ठळक छापलेलं असलंच पाहिजे, असा आदेश काढा. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने रजिस्टरवर सही करण्याआधी कामगाराच्या हातातला मोजा पाहावा. आमच्या खानापूर-आटपाडीची माणसं गलाईसाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर भट्टीपुढे बसतात, चांदीच ९६१ अंशांना वितळते. त्यांनाही हे कळायला हवं.

भाच्याची मूठ अजून पूर्ण मिटत नाही. डाव्या हाताचा मोजा माझ्याकडे आहे. बोलावलंत तर मंत्रालयात घेऊन येईन, काडेपेटीसकट.

आपला,
एक यंत्रमागधारक
विटा, ता. खानापूर, जि. सांगली