बी.ए.नंतरच्या यादीत भाषाविज्ञान का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला 'बी.ए. झाल्यावर पुढे काय' हा लेख वाचला. स्पर्धा परीक्षा, बी.एड., एलएल.बी., पत्रकारिता, झालंच तर एमएसडब्ल्यू. भाषाविज्ञानाचं नावही नाही. माझी धाकटी मुलगी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून भाषाविज्ञानात एम.ए. झाली आणि त्याच शिक्षणाच्या जोरावर पुण्यातच एका खासगी कंपनीत नोकरी करते, म्हणून लिहावंसं वाटलं. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. या विषयातला पंडित नाही, पण दोन वर्षं फी भरली, तेव्हा ती कशाची भरली एवढं विचारून घेतलंय.

कुणीही भेटलं की पहिला प्रश्न, "किती भाषा शिकली?" नवी एकही नाही. घरात तेलुगू, गल्लीत मराठी आणि दखनी, बाजारात अक्कलकोटकडच्यांची कन्नड, एवढं कानात घेऊनच ती गेली होती. तिथं शिकवतात ते भाषा आतून चालते कशी हे: स्वनविज्ञान म्हणजे उच्चारांचा अभ्यास, रूपविचार म्हणजे शब्दांच्या घडणीचा, शिवाय वाक्यविचार, अर्थविचार. पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत रेकॉर्डर घेऊन आली. माझ्या आईला, म्हणजे तिच्या नानम्माला, समोर बसवलं आणि आवाज नको म्हणून पंखा बंद केला. सोलापुरात, मे महिन्यात! शेजारचा यंत्रमाग थांबेपर्यंत थांबायचं, मग एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणवून घ्यायचं. आई वैतागली, "ऐकू कमी येतंय का हिला?" नंतर 'प्रात' नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या आवाजाचा आलेख काढून कुठला स्वर किती मिलिसेकंद लांबला ते मोजत बसली.

आता नोकरीत हेच मोजमाप उपयोगी पडतं. संगणकाला मराठी मोठ्यानं वाचायला शिकवायचं काम आहे. 'चार माणसं' आणि 'गुरांचा चारा' यांतला च लिहायला एकच, म्हणायला वेगळा. 'सोलापूर' म्हणताना शेवटचा अ गळतो, 'मित्र' म्हणताना गळत नाही. २.५ दिसलं की 'अडीच' म्हणायचं, १५० ला 'दीडशे', पण तेच आकडे फोन नंबरात आले तर एकेक सुटा. आपण हे न शिकता बोलतो. मशीनसाठी कुणाला तरी नियम बांधावे लागतात, नाहीतर तासन् तास हेडफोन लावून बोलण्याचे तुकडे पाडावे लागतात, त्यांना खुणा कराव्या लागतात. प्रोग्राम लिहिणारे कंपनीत भरपूर आहेत. मराठीचं हे अंग उलगडून सांगणारी माणसं कमी पडतात. थोडं कोडिंग मात्र तिला शिकावं लागलं, आणि ज्यांनी ते टाळलं ते वर्गमित्र अडले.

उगाच गुलाबी चित्र रंगवत नाही. पगार इंजिनिअरएवढा नाही, सुरुवातीला तर नाहीच. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे, पण ज्या विद्यापीठांत विभाग आहे तिथंच प्राध्यापकी, म्हणजे जागा मोजक्या. म्हैसूरला १९६९ पासून केंद्रीय भारतीय भाषा संस्थान आहे, कोशांची, बोलींच्या नोंदींची कामं निघतात, मात्र प्रकल्पावरची नेमणूक बहुधा कंत्राटी. आणि एक गैरसमज आमच्या पाहुण्यांतही आहे: हे शिकून स्पीच थेरपिस्ट होता येत नाही. त्याची पदवी वेगळी, नोंदणी वेगळी. ज्यांना ते करायचंय त्यांनी बारावी सायन्सलाच तो विचार करावा.

तरीही सोलापूरच्या मुलांना हा विषय सांगायला हवा असं माझं ठाम मत आहे, कारण इतर ठिकाणी अभ्यासाला जावं लागतं ते इथं दाराशी आहे. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांचा १९७१ चा एक लेख मुलीला अभ्यासाला होता. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिले, आणि त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली की शब्दाला शब्द ठेवून एका भाषेतून दुसरीत जाता येतं. जगभर तो लेख शिकवतात म्हणे. कुपवाडमध्ये जे सापडलं ते आमच्या पूर्व भागात, दक्षिण सोलापूरच्या गावांत शोधलं कुणी? हत्तरसंग कुडलला संगमावर शके ९४० चा मराठी शिलालेख आहे, पाहुण्यांना आपण हौसेनं दाखवतो, आणि आजूबाजूच्या गावांत कन्नड चालते. शहरातल्या सेटलमेंट भागातली कैकाडी समाजाची बोली तमिळच्या कुळातली आहे, हे मला मुलीकडून कळलं. साठीला आलो तरी! २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून एकोणीस हजारांवर नावं सांगितली, छाननीनंतर त्यांच्या १,३६९ मातृभाषा ठरल्या. ती छाननी भाषेचे जाणकारच करतात, तेही एक कामच झालं.

प्रवेशाला बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. पुणं आपल्याला हुतात्मा एक्स्प्रेसच्या अंतरावर, मुंबई विद्यापीठातही विभाग आहे, आणि हैदराबादची इफ्लू, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ, तर आमच्या तेलुगू घरांना परकी वाटायचं कारण नाही. आपण पुरवणीत या विषयाला एक रकाना द्यावा. आपल्या विद्यापीठानंही एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू करता येईल का हे पाहावं.

मुलगी दिवाळीत घरी असते. एखाद्या कॉलेजनं बोलावलं तर बोलायला येईन म्हणते, मानधन नको. हॉलमधला स्पीकर तेवढा धड हवा, तिला आवाज ऐकवायचे आहेत.

आपला नियमित वाचक,
साखर पेठ, सोलापूर