आधी कोणाकडे जायचे

मिरज, रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबा एवढेच म्हणाले, "बरं, तुला योग्य वाटलं ते केलंस," आणि त्यांनी फोन आईकडे दिला. आईला भाकऱ्या करायच्या होत्या. दुपारी चार वाजता आपल्या घरी भाकऱ्या होत नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे जे बोलता आले नाही ते सविस्तर लिहावे असे ठरवले. बाबा, तुम्ही चष्मा लावून आधी स्वतः वाचा आणि मग आईला वाचून दाखवा. मधली वाक्ये गाळू नका.

पुण्याच्या आयसीयूतली नोकरी सोडून मी मिरजेच्या नर्सिंग कॉलेजात क्लिनिकल इन्स्ट्रक्टर, म्हणजे वॉर्डात विद्यार्थिनींना शिकवणारी, म्हणून रुजू झाले, याचा तुम्हाला आनंदच झाला. दुखले ते पुढचे, की भिलवडीहून पॅसेंजरने तासाभराच्या आत पोहोचता येत असताना मी हॉस्टेलवर खोली घेतली. माडीवरची खोली तुम्ही रंगवून घेतलीत, नदीकडची खिडकी मोठी केलीत, आणि काकूंनी गल्लीत काय सांगितले असेल याचीही मला कल्पना आहे. पण हा निर्णय मी घाईने घेतलेला नाही आणि घराचा कंटाळा येऊन तर मुळीच नाही. माझ्याकडे आलेले काम संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पाळीचे आहे, आणि ते मी मागून घेतले आहे.

मागून का घेतले, ते सांगते. दिवसा वॉर्डात डॉक्टर असतात, सिस्टर इन्चार्ज असतात, राउंड चालू असतो. विद्यार्थिनीने सांगितलेले काम केले की भागते. रात्री मात्र मोठ्या वॉर्डात मोजक्या सिस्टर असतात आणि त्या गडबडीत कोणाकडे आधी धावायचे हे ठरवण्याची वेळ येते. या मुली पुस्तकात कच्च्या नसतात. इन्सुलिनचे प्रकार, ऑक्सिजनचे मास्क, कॅथेटरची काळजी, सगळे त्या घडाघडा म्हणून दाखवतात. त्यांचे अडते ते एकाच वेळी चौघांना चार गोष्टी हव्या असतात तेव्हा.

मी त्यांना एक कागद देते. संध्याकाळचे सात वाजले आहेत आणि तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. पहिल्या कॉटवर फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, म्हणजे सीओपीडीचे आजोबा, ऑक्सिजन ९० टक्के, उशीला टेकून शेजारच्याशी ऊसदराबद्दल बोलत आहेत. दुसऱ्या कॉटवर मांडीच्या हाडाचे ऑपरेशन होऊन एक दिवस झालेला तरुण, वेदनेने ओरडतो आहे. तिसऱ्या कॉटवर पोटाच्या ऑपरेशनचा तिसरा दिवस असलेली बाई, ऑक्सिजन ९३ टक्के, चादर चाचपत पडलेली, विचारले तर म्हणते, "काही नाही, जरा जीव घाबरा होतोय." चौथ्या कॉटवर मधुमेहाच्या मावशी, इन्सुलिनची वेळ झाली आहे पण जेवणाची गाडी अजून आलेली नाही. बहुतेक मुली ओरडणाऱ्या तरुणाकडे धावतात, काही जणी आकडा सर्वांत खाली म्हणून आजोबांकडे जातात. तिसऱ्या कॉटकडे पहिल्याच झटक्यात जाणारी मुलगी क्वचित भेटते.

बाबा, तुम्हाला पुरावा लागतो, म्हणून तोही देते. त्या बाईच्या कागदावर आदल्या दिवशीचा ऑक्सिजन ९८ आहे आणि आज तिचे श्वास मिनिटाला २८ आहेत. मोठ्या माणसाचे ते साधारण १२ ते २० असावे लागतात. इंग्लंडमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धोक्याची गुणपद्धत बसवली आहे, २०१७ मध्ये सुधारलेली. तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून अधिक असले की त्या एकाच गोष्टीला सर्वांत जास्त म्हणजे ३ गुण मिळतात आणि तेवढ्यावरच रुग्ण तातडीने तपासायचा असतो. त्याच पद्धतीत ऑक्सिजन ९० असेल तर तुमच्या-माझ्यासारख्याला ३ गुण. पण ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो असे तपासणीत ठरलेले आहे, अशा सीओपीडीच्या रुग्णाला त्याच ९० ला शून्य गुण, कारण त्याचा ऑक्सिजन ८८ ते ९२ मध्येच ठेवायचा असतो. मशीनवर आकडा एकच दिसतो. तो कोणाचा आहे, काल किती होता आणि त्या माणसाच्या बाबतीत अपेक्षित होता की नव्हता, हे मुलीला पाहावे लागते. ऑपरेशननंतर पडून राहिलेल्या बाईचा श्वास असा अचानक वाढला तर पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेलेली असू शकते, रक्तात जंतू पसरू लागलेले असू शकतात; आणि अशा रुग्णाला ओरडण्याइतकी ताकद उरत नाही.

चौथ्या मावशींची गंमत निराळीच आहे. आज्ञाधारक मुलगी घड्याळ पाहून इन्सुलिन देऊन मोकळी होते आणि जेवण आठ वाजता येते; तोवर साखर धोक्याइतकी उतरू शकते. म्हणून त्यांची साखर तपासून, जेवण येईपर्यंत सुई थांबवून ठेवायची का, हे सिस्टरला विचारून ठरवायचे असते. वेळेवर केलेले काम नेहमी बरोबरच असते असे नाही, हे तुमच्यासारख्या वक्तशीर मास्तरांच्या मुलीला पचवायला जड गेले, हे कबूल करते. तरुणाच्या वेदनेलाही कमी लेखायचे नाही. त्याचे इंजेक्शन सोबतच्या सिस्टरला सांगून लगेच द्यायचे, पण आपण स्वतः तिसऱ्या कॉटपाशी थांबायचे.

नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या प्रगतीच्या पाच पायऱ्या मांडल्या आणि ख्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये नर्सचा निर्णय कसा घडतो ते सांगितले: आधी लक्षात येणे, मग त्याचा अर्थ लावणे, मग कृती आणि त्यानंतर आपण काय केले याचा विचार. यातले पहिले, लक्षात येणे, वर्गातल्या फळ्यावर फारसे शिकवता येत नाही. ते कॉटशेजारी उभे राहून, रात्री दोन वाजता, "आत्ता तुला काय दिसलं?" असे विचारूनच शिकवावे लागते. आणि विचारणारी बाई त्या वेळी भिलवडीच्या माडीवर झोपलेली असून चालत नाही.

जत तालुक्यातून आलेली एक मुलगी माझ्या गटात आहे. तिला दिसते सगळे, पण रात्री डॉक्टरांना फोन लावला की तिचा आवाज जातो आणि ती एवढेच म्हणते, "सर, पेशंटला बरं वाटत नाही." समोरचा अर्धवट झोपेत विचारतो की म्हणजे नेमके काय, आणि ही गप्प. आता मी तिला चार गोष्टी क्रमाने कागदावर लिहून मगच फोन लावायला सांगते: आत्ता काय होते आहे, आधीचे काय आहे, मला काय वाटते, आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे. चौथी गोष्ट बोलायला तिला अजून धीर होत नाही. मोठ्या माणसाला "तुम्ही लगेच या" असे सांगणे आपल्याकडच्या मुलींना कोणी शिकवलेलेच नसते. ते ती माझ्यादेखत शिकेल.

बाबा, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि आपल्या गल्लीत होडी आली, तेव्हा आत्या सर्वांत मोठ्याने रडत होती आणि तुम्ही आधी बसवलेत ते कोपऱ्यात गप्प बसलेल्या आजोबांना. तुम्ही कोणाला कारण सांगितले नाहीत. आत्याच्या मनात ते अजून आहे. मी मुलींना जे शिकवते ते तुम्ही त्या दिवशी कोणतेही पुस्तक न वाचता केलेत, आणि कधी तरी आत्याला हे मी समजावणार आहे.

आता जे लिहायला अवघड आहे ते लिहिते. "म्हणजे आम्ही थांबणाऱ्यांत," असे बाबा आईला म्हणाले, ते मला फोनमध्ये ऐकू आले. वॉर्डात जो स्थिर आहे त्याच्याकडे नंतर जातात, हे खरे आहे. पण त्याचे मोल कमी म्हणून नव्हे. त्याचे नीट चालले आहे याची खात्री करून ठेवलेली असते, म्हणूनच दुसरीकडे जाता येते, आणि ठरल्या वेळी पुन्हा येऊन पाहिलेच जाते. तुम्ही दोघे आज स्थिर आहात, आणि तसे राहावे म्हणून मी रुजू होण्याआधी न्हाणीघरात दांडी बसवली, बीपीचे मशीन बदलले आणि शेवंताकाकूंना सकाळ-संध्याकाळ यायला सांगितले. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री मी घरीच मुक्कामाला असेन. कधी तुमची प्रकृती बदलली तर क्रमही बदलेल, आणि त्या दिवशी कॉलेजला थांबावे लागेल. हे मी प्राचार्यांना आधीच सांगून ठेवले आहे.

आई, लहानपणी पावसाळ्यात माझी छाती भरायची तेव्हा तू कंदील बारीक करून रात्रभर माझ्या पोटावर हात ठेवून बसायचीस. मला वाटायचे तू थोपटते आहेस. पुढे नर्सिंगच्या पहिल्या वर्षी श्वास मोजायला शिकवले तेव्हा उमगले की तू मोजत होतीस. वॉर्डात नाडी, बीपी, ताप सगळे नीट लिहिले जाते आणि श्वासाच्या रकान्यात मात्र न मोजता सगळ्यांना २० लिहून टाकतात. माझ्या मुलींना मी पूर्ण एक मिनिट हात ठेवून मोजायला लावते, आणि त्या कुरकुरल्या की मला तू आठवतेस.

म्हणून आता माझे ऐक. डॉक्टरांनी तुला दिलेली बीपीची नवी गोळी बीटा ब्लॉकर गटातली आहे. साखर उतरली की छातीत धडधडते, हात थरथरतात, हे इशारे ती गोळी झाकून टाकू शकते. घाम मात्र येतो. तेव्हा एकाएकी दरदरून घाम आला तर पंखा लावून पडून राहायचे नाही, आधी साखर तपासायची. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि मग काही तरी खायचे. गुंगी आलेली असेल तर बाबांनी तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. गोळी मनाने बंद करायची नाही. आणि गुरुवारी साखरेची गोळी घेऊन उपवास धरण्याचे तुझे जे चालते, ते औदुंबरच्या दत्त महाराजांनाही मान्य नसेल. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे ते या महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांना विचार. विचारलेस की नाही, ते मी बाबांकडून काढून घेणार आहे.

बाबा, डाव्या हाताला मुंग्या आल्याचे तुम्ही मला सांगितले नाहीत, आईने सांगितले. हात अंगाखाली आला असेल, असे तुमचे म्हणणे बरोबरही असेल, पण ते ठरवणे डॉक्टरांवर सोडा आणि येत्या दोन दिवसांत दाखवून या. बंड्या गाडी घेऊन येईल, त्याच्याशी बोलणे झाले आहे. तोंड वाकडे झाले, हात उचलून धरता येईना, बोलणे जड झाले, ही पक्षाघाताची लक्षणे; यातले एकही दिसले तर "सकाळी बघू" म्हणून झोपायचे नाही. शेवटचे ठणठणीत केव्हा होता ती वेळ आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी, कारण मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवण्याचे इंजेक्शन सहसा त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येते. सीटी स्कॅनची सोय असलेल्या सांगली-मिरजेच्या रुग्णालयातच थेट जायचे. आणि आधी १०८, मग बंड्या, त्यानंतर मी. मला आधी फोन करून तुम्ही वाट पाहत बसाल, ही भीती मला सर्वांत जास्त आहे. माडीवर झोपलेली असते तरी मीही पहिला फोन १०८ लाच केला असता.

माझी काळजी करू नका. खोली पहिल्या मजल्यावर आहे, खिडकीला जाळी आहे, सकाळी गरम पाणी येते. मेसमध्ये ज्वारीची भाकरी मिळते, तुझ्या हातची नसली तरी पातळ असते. रात्रपाळीनंतर मी खरोखर झोपते, फोन बंद ठेवते. दुपारी एकपर्यंत फोन लागला नाही तर घाबरून दादाला बेंगळुरूला कळवू नका. पगार पुण्यापेक्षा कमी आहे, पण घराच्या कर्जाचा हप्ता त्यातून भागतो, हे मी मांडून पाहिले आहे. बाबांनी पेन्शनमधून काही पाठवू नये. माडीवरच्या खोलीत गादी घालूनच ठेवा. तिथे ऊस-सोयाबीनची पोती रचायला सुरुवात केलीत, तर ती मी आल्याबरोबर खाली उतरवायला लावीन.

शेवंताकाकूंना नमस्कार, काकूंनाही.

तुमची,
सुमी

ता. क. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची नवी डबी बंड्याबरोबर पाठवली आहे. उघडाल त्या दिवशीची तारीख डबीवर पेनाने लिहा, झाकण घट्ट लावा आणि ती फ्रिजवर ठेवा, चुलीजवळच्या फळीवर नको.