ब्रेक मी मारला नव्हता

संपादक साहेब, स. न. वि. वि.

कालच्या अंकातला विनाचालक गाड्यांचा लेख दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझंच काहीतरी सुटतंय. गडकरी साहेबांनी सांगितलंय की ड्रायव्हर लोकांच्या नोकऱ्या जातील म्हणून असल्या गाड्या इथे येऊ देणार नाही, तेव्हा आपण निवांत राहायचं, डोकेदुखी अमेरिकेची, असा एकूण सूर. छान. लेखकमहाशय हायवेला शेवटचे कधी गेले होते? स्वतःच ब्रेक मारणाऱ्या, स्वतःच स्टिअरिंग ओढणाऱ्या तीन गाड्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगलाच उभ्या आहेत. त्यातली एक माझ्या मुलाची, आणि तिने मला या वयात खोटारडा ठरवलंय.

दिवाळीच्या आधी साताऱ्याहून पुण्याला येत होतो. शिरवळच्या अलीकडे, स्पीड सत्तर-पंच्याहत्तर, क्रूझ (ठरवलेला वेग गाडीच धरून ठेवते ते) लावलेला, पुढे रस्ता मोकळा. रस्त्याच्या कामाचा एक पत्र्याचा बोर्ड कडेला उभा होता तेवढाच, तोही लेनच्या बाहेर. एकदम टूंटूं वाजलं, डॅशबोर्ड लाल झाला आणि गाडीने असा करकचून ब्रेक मारला की हिच्या मांडीवरचा कंदी पेढ्यांचा बॉक्स जाऊन पुढच्या काचेवर. मागे टोमॅटोचा टेम्पो होता, तो आदळलाच. क्लीनर पोराचा ओठ फुटला, अर्धे क्रेट रस्त्यावर, नशीब म्हणायचं की त्याच्यामागे ट्रक नव्हता. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "काका, रस्ता मोकळा होता, ब्रेक कशाला मारला ओ?" मी म्हटलं मी नाही मारला, गाडीने मारला. हवालदार हसला. म्हणाला, "मग काय, गाडीचा जबाब घेऊ?"

त्याला हसायला आलं, पण तोच तर खरा प्रश्न आहे ना.

मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये ३१ वर्षं काढली. आमच्या वेळी पुरावा रस्त्यावर पडलेला असायचा. टायर घासल्याची खूण टेपने मोजायची, काचा कुठून कुठे सांडल्या ते पंचनाम्यात लिहायचं, मग आरटीओचे साहेब येऊन स्वतः पेडल दाबून, वेळ पडली तर चाक उतरवून लायनर बघायचे. तेव्हा लोक खोटं बोलत नव्हते असं नाही, पण रस्त्यावरची खूण सगळ्यांना दिसायची. आता एबीएसमुळे (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) धड खूणही उमटत नाही आणि जे काय घडलं त्याची नोंद गाडीतल्या एका डब्यात, आणि डब्याची किल्ली ज्याने गाडी बनवली त्याच्याकडे.

सर्व्हिस सेंटरला गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला सिस्टीम ओके आहे, एरर कोड नाही. मी म्हटलं एरर राहू दे, त्या सेकंदाला माझा पाय पेडलवर होता की नव्हता एवढं कागदावर दे. तो डेटा कंपनीकडे असतो म्हणे, कस्टमरला देत नाहीत. मेल केला, १९ दिवसांनी उत्तर म्हणून मॅन्युअलचं एक पान आलं की जबाबदारी सर्वस्वी चालकाची. म्हणजे जाहिरातीत गाडी तुमची काळजी घेणार, आणि ठोकली की काळजी तुम्ही घ्यायची होती! (जाहिरातीवरून आठवलं, काल तुमच्या पहिल्या पानावर अख्खं पान भरून कसली जाहिरात होती ते तुम्हीच बघा. लेख मात्र आत, सातव्या पानावर.)

फ्लोरिडातल्या टेस्ला या अमेरिकन कार कंपनीच्या खटल्याला तुम्ही दोन ओळी दिल्यात आणि नेमकी मुद्द्याची गोष्ट गाळलीत. २०१९ चा अपघात, ऑटोपायलट (गाडी स्वतः वेग आणि स्टिअरिंग सांभाळते ती सिस्टीम) चालू, ड्रायव्हर खाली पडलेला फोन शोधत होता, २२ वर्षांची मुलगी गेली. कंपनी म्हणत राहिली की त्या वेळचा डेटा आमच्याकडे नाही. शेवटी वकिलांनी एक हॅकर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधून तो काढला, तेव्हा कळलं की अपघातानंतर काही मिनिटांतच तो कंपनीच्या सर्व्हरवर गेला होता. कंपनी म्हणते मुद्दाम नाही केलं, गफलत झाली. असेल बाबा. ऑगस्ट २०२५ मध्ये मायामीच्या ज्युरीने ३३ टक्के दोष कंपनीवर टाकला आणि २४ कोटी ३० लाख डॉलर द्यायला सांगितले. आता टोमॅटोवाल्याने कुठला हॅकर लावायचा?

आणि आपलं सुप्रीम कोर्ट काय म्हणालं जुलै २०२५ मध्ये? कोइम्बतूरची केस. गरोदर बायकोला मळमळलं म्हणून एकाने हायवेवर अचानक ब्रेक मारला, मागचा मोटरसायकलवाला आदळून पडला, बस पायावरून गेली, पाय कापावा लागला. कोर्टाने दोष वाटला तो असा की ब्रेक मारणारा ५० टक्के, बस ३०, मोटरसायकलवाला २०. बरोबरच केलं. पण त्या माणसाकडे निदान सांगायला कारण तरी होतं, माझ्या गाडीला कसली मळमळ झाली होती?

इन्शुरन्सच्या सर्व्हेयरने लिहिलं, मागील वाहनाने सुरक्षित अंतर न ठेवल्यामुळे. मी सही केली. नसती केली तर क्लेम लटकला असता, मुलगा चिडला असता. टेम्पोवाला उलट मलाच विचारत होता बंपरचे किती होतील. मी नको म्हटलं, पण सही तर केलीच ना, ते अजून टोचतं.

जर्मनीत २०१७ पासून कायदा आहे की काही वेळ स्वतःच चालू शकणाऱ्या गाड्यांत कधी माणूस चालवत होता आणि कधी सिस्टीम, याची नोंद राहिलीच पाहिजे आणि ज्याचा दावा आहे त्याला ती मागता येते. आपल्याकडे निदान स्वयंचलित ब्रेकवाल्या गाड्यांना एवढं तरी लावा, यात कुणाची नोकरी जात नाही.

जाता जाता. सर्व्हिस रोडच्या खड्ड्यांवरचं माझं मागचं पत्र तुम्ही चार ओळींवर आणलंत, वर आडनावही चुकवलंत. याही वेळी कात्री लावणारच असाल तर जर्मनी कापा, टोमॅटोवाला राहू द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार (निवृत्त, एसटी), पुणे