मुरूम नांगरून माती होत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला शेतीच्या पानावरचा सल्ला वाचून स्वस्थ बसवेना. वरची माती वीटभट्टीला दिली तरी खालचा मुरूम दोन-तीन वर्षे उभा-आडवा नांगरला की पुन्हा जमीन तयार होते, हे तुम्ही छापलेत कसे? या भरवशावर कुणी फूटभर माती उचलून दिली, तर त्या रानात त्याच्या नातवंडांनाही धड ज्वारी यायची नाही.

नांगराने मुरूम फुटतो, पण बारीक झालेला मुरूम म्हणजे माती नव्हे. आपल्या भारी काळ्या जमिनीत निम्म्याच्या आसपास चिकणमाती असते आणि तिचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान असतो. तो दगड दळून मिळत नाही. बेसाल्टमधली, म्हणजे आपल्या काळ्या फत्तरातली, खनिजे पाण्याने मुळातून बदलावी लागतात. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मुळांनी सोडलेला कर्बवायू विरघळतो, सौम्य आम्ल होते आणि ते फत्तराच्या सांध्यांत शिरते. आधी फत्तरातली ज्वालामुखी काच आणि ऑलिव्हिन, मागोमाग पायरॉक्सीन, फेल्डस्पार ही खनिजे विघटित होतात, लोह गंजते, धोंड्याचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. विहिरीच्या कडेला मुरमात अडकलेले गोल धोंडे दिसतात, ते या अर्धवट कामाचेच. आपल्याकडे पाऊस बेताचा, त्यामुळे सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम पुरते वाहून जात नाहीत. त्यांतूनच फुगणारी-आकसणारी स्मेक्टाइट चिकणमाती घडते आणि चुना खाली खड्यांच्या रूपाने साचतो. इंचभर थराला शेकडो वर्षे लागतात. भीमा-सीनेकाठची खोल जमीन तर बरीचशी वरून वाहून आलेली आहे. माळावर तेवढी कधी नव्हतीच.

ज्यांची माती गेलीच, त्यांना निदान तलावातला गाळ रानात टाकण्याचे तरी नीट सांगायचे. ‘एकरी चार-पाच ट्रॉल्या पुरे’ म्हणता. ट्रॉलीत ब्रासभर (शंभर घनफूट) गाळ धरला तर थर जेमतेम साडेतीन मिलिमीटर होतो. दोन इंच थराला एकरी २०० घनमीटर, म्हणजे सत्तर ब्रास गाळ लागतो. आणण्याआधी सामू (पीएच), क्षार आणि मुक्त चुना तपासून घ्यावा. चुना जास्त असला की पिकाला लोह मिळत नाही. कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. गाळ उन्हाळ्यात पसरावा, ढेकळे तापून फुटू द्यावीत आणि वळवाच्या पावसानंतर मुरमात मिसळावा. नुसता थर वर ठेवला तर पाणी त्यातच अडते, मुळे खाली उतरत नाहीत आणि भेगा पडल्या की तुटतात. हे सगळे उताराला आडवे बांध घातल्यावर. बांध नसतील तर पहिल्याच मोठ्या पावसात गाळ ओढ्याला जातो.

आणखी एक. लेखाला ‘सोलापूरची माती’ म्हणून लावलेले छायाचित्र लाल जांभ्याचे आहे. महाबळेश्वर-कोकणाकडे त्याच बेसाल्टवर धो धो पाऊस पडतो, सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम उरते. तेव्हा जांभा होतो. आपल्या जिल्ह्याचा अंक काढणाऱ्यांना एवढा फरक कळायलाच हवा.

दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापावी आणि भट्ट्यांसाठी माती उचलायला सुरुवात होण्याआधी छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर