देवमासे शिकतात, हे ठरवतात कसे?

महोदय,

देवमासे आणि डॉल्फिन एकमेकांकडून शिकतात, अशा बातम्या अधूनमधून येतात. हे ठरवले कसे, ते मात्र त्यांत क्वचितच असते. खरे कष्ट तिथेच आहेत.

अमेरिकेजवळच्या मेनच्या आखातात हम्पबॅक देवमासे बुडबुड्यांचे जाळे करून मासे कोंडतात. १९८० मध्ये एक देवमासा हे जाळे करण्याआधी शेपटी पाण्यावर आपटताना दिसला. हेरिंग घटून सँड लान्स नावाचे बारीक मासे वाढले, त्या सुमाराची ही गोष्ट. २००७ पर्यंत तिथल्या ३७ टक्के देवमाशांनी ही रीत उचलली.

पण पसरली म्हणजे शिकली, असे होत नाही. सँड लान्स मुबलक असेल तिथे ती प्रत्येकाला आपापली सुचू शकते. आईकडून रक्तातूनही येऊ शकते. शिवाय जो देवमासा वारंवार दिसतो, तोच शेपटी आपटताना सापडण्याची शक्यता जास्त. म्हणून शेपटीच्या खालच्या काळ्या-पांढऱ्या खुणांवरून एकेकाला ओळखून कोण कोणासोबत वावरतो, याचा आराखडा मांडला गेला. २०१३ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या विश्लेषणात ही रीत सोबतीतून पसरते असे धरणारी गणिती प्रारूपे बाकीच्यांपेक्षा नोंदींशी स्पष्टपणे अधिक जुळली.

ऑस्ट्रेलियातील शार्क बेमध्ये डॉल्फिन चोचीवर स्पंज चढवून तळ उकरतात. तो गुंता अधिक अवघड आहे, कारण सवय आणि जनुके दोन्ही आईकडूनच येतात. रिकाम्या शंखात शिरलेला मासा शंखासकट वर आणून झटकून खाण्याची तिथलीच युक्ती मात्र सवंगड्यांकडून पसरते, असे २०२० मध्ये दिसले.

मेनमधल्या नोंदी प्रामुख्याने पर्यटकांच्या बोटींवरून झाल्या, तब्बल २७ वर्षे. तारकर्ली, दापोलीजवळचे मुरूड, गोवा इथेही डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी जातात. त्यांवरचे फोटो बहुधा वाया जातात, कारण उडी टिपण्याच्या नादात पाठीवरचा पर तिरका किंवा पुसट येतो. प्राणी ओळखता येतो तो त्या पराच्या मागच्या कडेवरील खाचांवरून. तेव्हा फोटो पराशी काटकोनातून, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवून, शक्यतो दोन्ही बाजूंनी घ्यावा. वेळ, ठिकाण आणि कळपातली संख्या लिहावी. खाचा नसलेली पिल्लेही मोजावीत, नाहीतर आई-पिलाची सोबतच नोंदीतून गळते. बोट कळपाच्या वाटेत घालू नये; पांगलेल्या कळपात कोण कोणासोबत होते, हे सांगता येत नाही.

– सागरी सस्तन प्राण्यांचे अभ्यासक, मालवण