टिक-टिक करणाऱ्या सप्लायबद्दल, दादांचे जाहीर आभार

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अरे, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

तुमच्या मदतीने दुरुस्त केलेला तो 12 व्होल्ट, 5 अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या एसी विजेचं 12 व्होल्ट डीसी करणारा पॉवर सप्लाय. प्लग लावला की हिरवा एलईडी उघडझाप करायचा, आतून बारीक टिक-टिक यायची आणि आउटपुट काही केल्या 12 व्होल्टपर्यंत पोचायचं नाही. लोड काढला तरी तेच. ज्याला विचारावं तो एकतर "आयसी गेला" म्हणे, नाहीतर "फेक आणि नवा घे". तुम्ही मात्र आवाज ऐकून खूश झालात! "टिक-टिक येतेय ना, मग तो मेलेला नाही. उठायला बघतोय आणि कुणीतरी त्याला खाली पाडतंय. कोण, तेवढं शोधू." फ्यूज शाबूत होता, म्हणजे ब्रिज (एसीचं डीसी करणारे डायोड) किंवा मॉस्फेट (वीज झपाट्याने चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) शॉर्ट असण्याची शक्यता कमी, हेही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. निम्मं बोर्ड तिथेच संशयातून सुटलं.

पण त्याआधी, इनपुटकडे वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचा धडा. 230 व्होल्ट एसीचे तिथे सुमारे 325 व्होल्ट डीसी होतात, आणि सप्लाय धड चालत नसला की प्लग काढल्यावरही तो साठा पटकन उतरत नाही. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायला तुमची सक्त मनाई. 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावायचा आणि मीटरचा आकडा मोठ्याने वाचायचा. पाच व्होल्टच्या खाली आल्याचं कानांनी ऐकल्याशिवाय तुम्ही मला बोर्डाला बोट लावू दिलं नाहीत. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आभार याचेच.

मग आउटपुटचा जोड-डायोड (एकाच डब्यातले दोन डायोड) तपासला. शॉर्ट नव्हता. ऑप्टोकपलर (आउटपुटची खबर प्रकाशातून आयसीकडे पोचवणारा भाग) बदलावा म्हणून माझे हात शिवशिवत होते, तर तुमचा प्रश्न, "आउटपुट 12 च्या वर जातंय का? नाही ना, मग त्याला कशाला छळतोस?" फीडबॅकची साखळी तुटली तर व्होल्टेज वर पळतं. इथे ते वर चढतच नव्हतं.

उरला यूसी3842, म्हणजे मॉस्फेटला चालू-बंद करायला लावणारा आयसी, आणि त्याचा खुराक, म्हणजे त्याला स्वतःला लागणारी वीज. हा आयसी साधारण 16 व्होल्टला जागा होतो आणि 10 च्या खाली गेला की झोपतो. जागं होण्यापुरता थेंबभर करंट त्याला स्टार्टअप रेझिस्टरमधून मिळतो, पण चालायला लागल्यावर दहा-पंधरा मिलीअँपिअर लागतात आणि ते ट्रान्सफॉर्मरच्या जादा वाइंडिंगकडून यायचे असतात. मधले काही मिलिसेकंद शेजारचा छोटा कपॅसिटर निभावून नेतो. तुमच्या भाषेत, पगार होईपर्यंतची उसनवारी. प्लग काढलेला असताना मीटरच्या क्लिपा तिथे लावल्या, सिरीज बल्बमधून (करंट आवाक्यात राहावा म्हणून वाटेत जोडलेल्या साध्या बल्बमधून) वीज दिली आणि हात मागे घेऊन बघत बसलो. आकडे 10 आणि 16 च्या मध्ये नाचत होते, ठरत कुठेच नव्हते. सावकाराकडेच खडखडाट होता!

गंमत म्हणजे हा 47 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिसायला अगदी सज्जन. डोकं सपाट, फुगवटा नाही, गळती नाही. हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीला) खेटून उभा असल्याने प्लास्टिकची साल तेवढी एका बाजूने आक्रसून तपकिरी झाली होती. सगळे आउटपुटकडचे जाडजूड कपॅसिटर निरखतात, या करंगळीएवढ्याकडे कोण बघतो? काढून मोजला तर निम्म्याच्याही खाली. तापमान 10 अंशांनी वाढलं की यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, असं तुम्ही आधीच म्हणाला होतात.

105 अंशांपर्यंत टिकणारा, कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) नवा बसवला. सिरीज बल्ब क्षणभर लकाकला आणि विझत गेला, एलईडी स्थिर, आउटपुट 12.1. मग बल्ब काढून पूर्ण लोडवर तासभर चालवला, आकडा हलला नाही. आउटपुटचे दोन कपॅसिटरही तुमच्या सांगण्यावरून हात लागलाच आहे तर बदलून घेतले.

एक शंका मात्र आहे. नवा कपॅसिटर पाय थोडे लांब ठेवून हीटसिंकपासून दूर, आडवा बसवला तर चालेल का? की लांब पायांमुळे आयसीला नॉइजचा त्रास होईल? तुमचा निरोप येईपर्यंत आहे तिथेच ठेवतो. आणि या वेळी "त्यात काय एवढं" म्हणालात तरी आभार मानलेले आहेत, ते आता परत घेता येणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

तुमचा आभारी